दुसऱ्या कप्प्याचं शिसं

दहा टन शिसं परत आलं तेव्हा बालकिया फाटकाजवळच्या वजनकाट्यापाशी उभी होती. इंजिनानं एकच वॅगन मागे ढकलत आणली, दार सरकवलं, आणि आत दिसल्या त्या आपल्याच कारखान्याच्या लगडी, आपलाच शिक्का मारलेल्या. इथून शिसं जायचं; परत कधी यायचं नाही. लढाई सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती, तेवढ्यात असं एकदाही घडलं नव्हतं.

कोनिसबाय मुकादम भट्टीवरून धावतच आला. साठीचा माणूस, भट्टीच्या झळांनी भुवया कधीच्या गेलेल्या. त्यानं वॅगनीबरोबर आलेला कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला.

"काय म्हणतात, आगा?" बालकियानं विचारलं.

"काडतुसांचा कारखाना म्हणतो, तार तुटते." त्यानं कागद घडी करून खिशात कोंबला. "शिशाची तार ओढायची, तुकडे पाडायचे, एकेक तुकडा गोळीच्या पोटात. ती तारच तुटते म्हणे, वाळलेल्या काटकीसारखी. सुरमा मिसळलाय. तीन दिवस त्यांची यंत्रं उभी. तीन दिवसांत किती काडतुसं होतात ठाऊक आहे तुला?"

बालकियाला ठाऊक नव्हतं. पण सुरमा, शिशाला कडक आणि ठिसूळ करणारा तो धातू, कुठून आला ते मात्र ठाऊक होतं.

"अधिकारी येतोय उद्या," कोनिसबाय म्हणाला. "प्रांताच्या कचेरीतून. लगडीत सुरमा आपोआप उगवत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं."

तो गेला. बालकिया काट्यापाशी राहिली खरी, पण तिला एका जागी उभं राहवेना. येणाऱ्या गाड्यांचं वजन करायचं आणि भंगार कुठल्या कप्प्यात टाकायचं ते सांगायचं, एवढंच तिचं काम. त्या दिवशी तिनं एक गाडी दोनदा तोलली, एक तोलायचीच विसरली. मधल्या वेळात पहिल्या कप्प्यापर्यंत जायची, रास चाळवायची, परत यायची. शोधण्यासारखं तिथं आता काही उरलं नव्हतं, तरी जायची.

*

गोष्ट बारा दिवसांपूर्वीची. त्याआधी मार्चच्या पुरानं खाणीकडच्या लोहमार्गावरचा पूल वाहून गेला आणि कच्च्या धातूची गाडी बंद झाली. मोठ्या भट्टीला विझू देऊन चालत नाही; आतला रस थिजला की फोडून काढायला दोन आठवडे लागतात. म्हणून तिला थोडं थोडं घालून जेमतेम जिवंत ठेवलं, आणि आघाडीला जायचं शिसं काढायचं ते भंगारातून, असं ठरलं. गावोगाव गाड्या सुटल्या. जुने नळ, तारांवरची शिशाची वेष्टणं, छपराचे पत्रे, मोटारींच्या बॅटऱ्या, कोळ्यांच्या जाळ्यांची वजनं, जे मिळेल ते.

भंगार दोन जातींचं. नळ, वेष्टणं, पत्रे म्हणजे मऊ शिसं; ते पहिल्या कप्प्यात. तिथून सरळ मोठ्या कढईत जायचं, वितळून संध्याकाळच्या आत त्याच्या लगडी व्हायच्या. बॅटऱ्यांच्या पट्ट्या आणि छापखान्याचे अक्षरांचे खिळे म्हणजे कडक शिसं, कारण त्यात सुरमा असतो. ते दुसऱ्या कप्प्यात. त्यातला सुरमा निराळ्या भट्टीत जाळून काढावा लागतो. त्याला चार दिवस आणि भरपूर कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, लागतो. एकदा दोन्ही मिसळलं की निवडता येत नाही. म्हणून फाटकावर डोळस माणूस हवा, आणि बालकियाचा नवरा सेयितकाली छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता, ती स्वतः तिथं दोन वर्षं कागद मोजत होती. खिळा तिनं अंधारातही हाताला ओळखला असता.

आघाडीवरून सेयितकालीचं पत्र नोव्हेंबरनंतर आलं नव्हतं. त्या दिवशी टपालबाईनं सकाळी जाता जाता सांगितलं की दुपारच्या गाडीनं मोठी थैली येणार आहे, बरीच तुंबलेली पत्रं आहेत. बालकियानं दुपारपर्यंत दम धरला. मग फाटकावर कोणी नसताना, पाठोपाठ दोन गाड्या येऊन गेल्यावर, तिनं शाल डोक्यावर ओढली आणि ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. वीस मिनिटं जायला. टपालात बायकांची ही गर्दी. थैली उलटी केली, नावं वाचली. तिचं नाव नव्हतं. परत यायला पंधरा मिनिटं, कारण येताना ती पळत आली.

ती आली तर पाक नावाच्या म्हाताऱ्या कोरियन गाडीवानाची उंटगाडी रिकामी होऊन फाटकाबाहेर पडत होती. पाक आणि त्याचे लोक सहा वर्षांपूर्वी दूर पूर्वेकडून आगगाड्यांत भरून इथं आणून सोडलेले. त्याला कझाक मोडकंतोडकं यायचं, रशियन त्याहून मोडकं. त्यानं मान लववली, ती धापा टाकत आत गेली.

छापखान्यानं आपली माळ्यावरची अडगळ दिली होती. दोन-तीन वर्षांमागे सरकारनं कझाकची लिपी बदलली, तेव्हापासून पडून असलेले जुने लॅटिन खिळे. अर्धा टन तरी असतील. फाटकावर सांगायला कोणी नाही म्हणताना पाकनं ते समोरच्या, म्हणजे पहिल्या कप्प्यात ओतले होते.

बालकिया गुडघ्यांवर बसली आणि वेचायला लागली. पण खिळे ते, तांदळासारखे. नळांच्या तुकड्यांमधून झरझर खाली गेलेले. दोन पाट्या भरल्या असतील नसतील, तेवढ्यात भोंगा झाला आणि कढईवरची माणसं फावडी घेऊन आली.

"सरक ग," त्यातला एक म्हणाला. "कढई अर्धी झालीय, वर ओरडतायत."

तेव्हा सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. पण मग विचारलं असतं, टाकलं तेव्हा तू कुठं होतीस? आणि कामाची जागा सोडून जाणं म्हणजे तुरुंग, हे कारखान्यात प्रत्येकाला पाठ होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलंच होतं. ती सरकली. एवढ्या मोठ्या कढईत मूठभरानं काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. फावडी चालत राहिली. मूठभर नव्हतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

*

अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कॅप्टन, चाळिशीचा, डावी बाही कोपरापाशी दुमडून टाचलेली. आघाडीवरूनच परतलेला दिसत होता. त्यानं पहारेकऱ्यांच्या खोपटाशेजारच्या खोलीत टेबल लावून घेतलं आणि एकेकाला बोलावलं.

आधी प्रयोगशाळेतल्या फाइना ल्वोव्नाला. ती खारकोवहून कारखान्यासकट इकडं हलवलेली, धातूची पारख करणारी बाई, जिभेची तिखट. तिच्याजवळ नमुने होते. पाळीच्या सुरुवातीला काढलेला नमुना स्वच्छ, शेवटचा सुरम्यानं भरलेला. "म्हणजे मधे कुणीतरी घातलं," ती बाहेर येऊन म्हणाली. "मी एवढंच सांगितलं. बाकी मला नमुने सांगत नाहीत."

मग कढईवरची माणसं. त्यातल्या एकाला आठवलं, राशीत बारीक बारीक अक्षरं दिसली होती. अक्षरं म्हणजे छापखाना, आणि छापखान्याची गाडी म्हणजे पाक. पाकला आत नेलं. तो दहा मिनिटांत बाहेर आला, पण मोकळा नाही. पहारेकऱ्यानं त्याला खोपटात बसवलं.

मग बालकिया.

"गाडी तू तोललीस?" कॅप्टननं मान वर न करता विचारलं.

"हो."

"खिळे दुसऱ्या कप्प्यात टाक, असं त्याला सांगितलंस?"

तिनं दाराकडं पाहिलं. दार उघडंच होतं.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं."

"त्याला कझाक कळतं?"

"थोडं."

"म्हणजे एक तर कळलं नाही, नाहीतर कळूनही ऐकलं नाही." त्यानं लिहिलं. "तो म्हणतो, चूक झाली. याहून जास्त एक अक्षर बोलायला तयार नाही. गुरुवारी शहरात नेतो त्याला. जा तू."

ती बाहेर आली आणि काट्यापाशी न जाता सरळ चालत भट्टीच्या मागच्या बाजूला गेली, मग कोकच्या ढिगाऱ्याला वळसा घालून पुन्हा फाटकाशी, पुन्हा मागे. पाय थांबत नव्हते. पाकनं का नाही सांगितलं, की फाटकावर चिटपाखरू नव्हतं? विसरला? घाबरला? का त्याला भाषाच पुरली नाही? तो दिवस मंगळवार होता.

*

घरी तिची सासू उल्मेकेन चुलीपाशी भाजलेल्या बाजरीचं पीठ गरम पाण्यात कालवत होती. सासूचं रेशन कमी, कारण ती काम न करणाऱ्यांत मोडायची. दोघींचं पोट चालायचं ते बालकियाच्या पावावर, आणि शिशाच्या धुरासाठी कामगारांना मिळणाऱ्या अर्ध्या पेल्या दुधावर. ते दूध बालकिया न पिता डब्यातून घरी आणायची.

"बस की," उल्मेकेन म्हणाली. "अंगात पिसवा शिरल्यासारखी काय फिरतेस?"

"काही नाही, आपा."

"काही नाही म्हणतेस आणि तिसऱ्यांदा दार उघडून बघतेस. कोण यायचंय?"

बालकियानं वाडगा घेतला, दोन घोट घेतले, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"कारखान्यात त्या म्हाताऱ्या कोरियनाला धरलंय म्हणे," उल्मेकेन म्हणाली. गल्लीत बातमी तिच्या आधी पोचायची. "शेजारीण म्हणत होती, घातपात केला. मी म्हटलं, घातपात करणाऱ्याचा उंट असा धष्टपुष्ट नसतो. तो माणूस स्वतः उपाशी राहून उंटाला घालतो."

बालकियानं उरलेलं एका घोटात संपवलं. पडल्यावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, आणि उजाडायच्या आधीच उठून कारखान्याकडं निघाली.

*

फाइना ल्वोव्ना प्रयोगशाळेत एकटी होती, तराजूची पारडी हरणाच्या कातड्यानं पुसत. बालकियानं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टपाल, पळत येणं, वेचलेल्या दोन पाट्या, भोंगा, आणि कॅप्टनला दिलेलं 'हो'.

फाइनानं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी पारडी जागेवर अडकवली.

"पत्र आलं होतं का?"

"नाही."

"माझंही नाही आलं. माझी बहीण तिकडंच राहिली." तिनं कातडं घडी करून ठेवलं. "आता ऐक. शिशाचं काय करायचं ते मी सांगू शकते. ते शिसं वाया गेलेलं नाही. गोळीच्या तारेला ते चालत नाही, बरोबर. पण तोफेच्या गोळ्यात जे छर्रे भरतात ना, ते कडक शिशाचेच लागतात. मऊ असले तर फुटतानाच चेपून एकमेकांना चिकटतात. ते छर्रे करणारा कारखाना महिनाभर तगादा लावतोय, कडक शिसं पाठवा म्हणून. सुरमा डोंगरातून येतो, आणि डोंगरातला रस्ता बंद. आपल्या त्या दहा टनांत थोडा आणखी घातला की नेमका त्यांना हवा तसा माल. दुसऱ्या कप्प्यातल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांत तो आहेच. दोन दिवसांचं काम."

"मग पाक आगाला सोडतील?"

"मुली, मी शिशाचं बोलतेय." फाइनानं चष्मा काढला. "त्या कॅप्टनला वर जाऊन माणूस दाखवायचाय. शिशाचा कागद मी आजच लिहिते, कोनिसबायची सही घेते. माणसाचं तुझं तू बघ."

"तुम्ही सांगणार नाही ना त्यांना?"

"मी नाही सांगणार. तू सांगितलं नाहीस तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस, एवढंच."

*

बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती खोपटाशी गेली. पहारेकरी ओळखीचा होता. तिनं हातातला पावाचा तुकडा दाखवला. त्यानं मान फिरवली.

पाक बाकावर ताठ बसला होता, टोपी मांडीवर. तिनं पाव पुढं केला. त्यानं तो घेतला, बाजूला ठेवला.

"उंटाला कोण पाणी पाजतं?" त्यानं विचारलं.

"तबेल्यातला माणूस. मी सांगून येते पुन्हा."

"डावा मागचा पाय बघायला सांग. तळव्याला चीर आहे."

"सांगते." ती उभीच होती. "पाक आगा, तुम्ही का नाही सांगितलं? फाटकावर कोणी नव्हतं म्हणून?"

म्हातारा शब्द जुळवत होता. शब्द शोधून, मग एकेक ठेवत बोलायची त्याची सवय.

"मी सांगणार, कोणी नव्हतं. मग ते म्हणणार, खोटं बोलतो. कोरियन आहे. मग तुला बोलावणार. तू म्हणणार, होते. मग मी दोन गुन्ह्यांचा. एक शिशाचा, एक खोट्याचा. त्यापेक्षा एक बरा."

"मी तसं म्हटलं नसतं."

पाकनं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "भिंत पातळ आहे," तो म्हणाला. "तू 'हो' म्हणालीस. मी ऐकलं."

बालकियाला वाटलं, त्यानं ओरडावं, शिव्या द्याव्या, पाव अंगावर फेकावा. त्यानं यातलं काहीच केलं नाही. टोपी मांडीवर नीट केली.

"मी एकदा गाडीत बसून आलो," तो म्हणाला. "एक महिना. गाडीत बायको गेली. आता पुन्हा गाडी. मला सवय. तुला नाही. पण मला वाईट वाटतं. सवय असली तरी वाटतं."

ती बाहेर आली, तबेल्यात गेली, डाव्या मागच्या पायाचं सांगितलं, आणि तो माणूस "बरं बरं" म्हणून टाळतोय असं दिसल्यावर स्वतः खाली वाकून उंटाचा पाय उचलायला लागली. उंटानं तिला ढकलून भिंतीला लावलं. तबेल्यातला माणूस हसला आणि मग खरंच पाहिलं. तळव्याला बोटभर चीर होती.

*

त्या संध्याकाळी तिनं सासूला सांगितलं. आधी सांगितलं नसतं तर सकाळी पुन्हा धीर सुटला असता.

उल्मेकेननं सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं सूत खाली ठेवलं.

"तुला नेलं तर मी काय खाऊ?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात रडं नव्हतं, रागच होता. "माझा मुलगा आहे का नाही ठाऊक नाही. तू आहेस ते ठाऊक आहे. आणि तू चाललीस आपल्या पायांनी."

"त्यानं काही केलेलं नाही, आपा."

"त्यानं केलं नाही, मी केलंय? मी का उपाशी मरायचं?"

"तुम्ही म्हणाल तर नाही जात."

हे बालकिया खरंच बोलली. त्या क्षणी कुणी तिला अडवलं असतं तर ती थांबली असती. तिला थांबायचंच होतं. उल्मेकेननं खाली ठेवलेलं सूत उचललं, पुन्हा टाकलं.

"माझ्यावर टाकतेस होय?" ती शेवटी म्हणाली. "छान. त्या कॅप्टनसमोर म्हाताऱ्याचं नाव पुढं केलंस, आता घरात म्हातारीचं कर." ती उठली, कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली आणि सेयितकालीचे जुने लोकरी मोजे काढून सुनेच्या अंगावर फेकले. "खोलीत बसवून ठेवलं तर फरशी गार असते. घालून जा."

*

गुरुवारी सकाळी कॅप्टनची गाडी फाटकाशी उभी होती. बालकिया आधी कोनिसबायकडं गेली, कारण मुकादमाला ओलांडून जाणं तिला बरं वाटेना. तो भट्टीच्या तोंडाशी होता. पूल दुरुस्त झाला होता, पहिली खाणगाडी रात्री लागली होती, आणि भट्टीचा आवाज आज वेगळाच, पोटभर जेवलेल्या माणसासारखा येत होता. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

त्यानं हातमोजे काढले. तो मारील असं तिला वाटलं.

"तासभर?"

"तासभर."

"आणि मला पंधरा दिवस सांगितलं नाहीस. मी ती कढई ओतलीच नसती, पोरी. बाजूला काढून ठेवली असती. कुणाचं काही गेलं नसतं." त्यानं हातमोजे कमरेला खोचले. "चल."

कॅप्टन कागद आवरत होता. कोनिसबाय दारातच म्हणाला, "हिला बोलायचंय," आणि आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला, बाहेर जायचं नाव घेईना.

बालकिया बोलली. बोलायला लागल्यावर आश्चर्य म्हणजे फार वेळ लागलाच नाही.

"मंगळवारी तू काय सांगितलंस?" कॅप्टननं विचारलं.

"खोटं सांगितलं."

"का?"

"भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"वाटते."

त्यानं एका हातानं तंबाखूची विडी वळायचा प्रयत्न केला, कागद निसटला. कोनिसबायनं पुढं होऊन ती वळून दिली. कॅप्टननं ओढली नाही, नुसती बोटांत धरली.

"मी हिवाळ्यात ज्या तुकडीत होतो," तो म्हणाला, "तिथं माणशी पाच गोळ्या वाटल्या होत्या. पाच. मोजून झाडायच्या. तुझ्या नवऱ्यालाही कदाचित तेवढ्याच मिळाल्या असतील. टपालात जायच्या आधी हे डोक्यात आलं नाही?"

"नाही आलं," बालकिया म्हणाली. "तो जिवंत आहे का, एवढंच आलं."

कोनिसबाय खाकरला. "कॅप्टनसाहेब, ते शिसं वाया नाही. फाइना ल्वोव्नाचा कागद काल तुमच्या टेबलावर ठेवलाय. छर्रेवाल्यांची तार आलीय, लगेच पाठवा म्हणून. तीन दिवस गेले ते गेले. त्याची शिक्षा हिला द्या, द्यायलाच हवी. पण हिला तुरुंगात घातलंत तर माझं एक माणूस गेलं, आणि खाणगाडी आजच सुरू झालीय. भट्टीवर माझ्याकडं निम्म्या बायका आहेत, निम्म्या जागा रिकाम्या."

"तुम्ही मला काय करायचं ते शिकवताय?"

"नाही. माझी अडचण सांगतोय."

कॅप्टननं विडी टेबलाच्या कडेवर ठेवली. मग मंगळवारच्या तिच्या जबानीचा कागद काढला, घडी घातली, आणि फाडण्याऐवजी विडीच्या तंबाखूच्या पुडीत ठेवला. "एका हातानं लिहिताना माझ्याकडून चुका होतात," तो म्हणाला. "पुन्हा लिहितो. गाडी आली तेव्हा तू कुठं होतीस, इथून सुरू कर."

*

न्यायालयात पंधरा मिनिटं लागली. कामाची जागा सोडल्याबद्दल सहा महिने त्याच कारखान्यात शिक्षेचं काम, पगारातून चौथा हिस्सा कापायचा, पावाचं रेशनही कमी. काट्यावरून काढून तिला भट्टीवर घातलं, कोक आणि कच्चा धातू ढकलण्याच्या कामावर. पहिल्या आठवड्यात तिचे हात इतके सोलवटले की उल्मेकेन तिला घास भरवायची आणि प्रत्येक घासाला एकेक टोमणा मारायची. दूध मात्र तिनं आता घरी आणू दिलं नाही. "तिथंच पी, माझ्यासमोर डबा आणलास तर ओतून देईन," अशी धमकी देऊन ठेवली, आणि एकदा खरंच कारखान्याच्या फाटकाशी येऊन टपालबाईला साक्षीला घेऊन विचारून गेली.

दहा टन लगडी पुन्हा कढईत गेल्या, बॅटऱ्यांच्या पट्ट्या घालून कडक झाल्या आणि छर्रेवाल्यांकडं रवाना झाल्या. फाइना ल्वोव्ना नमुना काढायला स्वतः उभी होती. बालकिया शेजारून कोकची गाडी ढकलत गेली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं दार उघडं आहे," आणि पळीतल्या शिशावर फुंकर घालत राहिली.

सेयितकालीचं पत्र जूनमध्ये आलं, साराटोवच्या इस्पितळातून, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. पाय वाचला होता, उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. जुळाऱ्याची बोटं. बालकियानं ते भट्टीच्या सुट्टीत तीनदा वाचलं आणि तरी तिचं मन शांत झालं नाही. आता तो परत केव्हा येईल, परत आल्यावर काय करील, याची घालमेल सुरू झाली.

पाकला त्या गुरुवारीच सोडलं होतं. तो खोपटातून निघाला तो थेट तबेल्यात, उंटाचा पाय बघायला. दुसऱ्या दिवसापासून त्याची गाडी पुन्हा येऊ लागली. फाटकावर आता नवी बाई होती. तरी पाक गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, भंगारातला एकेक तुकडा हातात धरून मोठ्यानं विचारायचा, "कुठला कप्पा?" त्याला कप्पे तिच्यापेक्षा चांगले कळायचे. नवी बाई वैतागायची. भट्टीवरून बालकियाला ते ऐकू यायचं. तो कधी वर बघायचा नाही, आणि ती समोर आली तर मान लववून पुढं जायचा, इतरांना लववायचा तेवढीच.

उल्मेकेननं ते उन्हाळाभर पाहिलं. ऑगस्टच्या शेवटी एके दिवशी तिनं वाळवलेल्या दह्याचे गोळे फडक्यात बांधले आणि कुणाला न सांगता कोरियन वस्तीकडं चालत गेली. तिथं काय बोलणं झालं, तिला रशियन येत नसताना आणि त्याला कझाक जेमतेमच येत असताना, ते तिनं सांगितलं नाही. परत आली ती हातात मातीचं झाकलेलं भांडं घेऊन.

"काय आहे?" बालकियानं विचारलं.

"कोबी म्हणे. कुजवलेला." उल्मेकेननं झाकण काढलं, तिखटाचा आणि लसणाचा वास झोपडीभर पसरला. तिनं दोन बोटांनी एक फोड उचलून तोंडात घातली. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, तरी चावत राहिली.

"अखाद्य आहे," ती म्हणाली, आणि भांडं सुनेकडं सरकवलं. "खा. त्यानं तुझ्यासाठी दिलंय का माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. रिकामं भांडं तू नेऊन दे."

बालकियानं एक फोड उचलली. सोलवटलेल्या बोटांना मीठ झोंबलं. उल्मेकेन तिच्यासमोर बसून दुसरी फोड घेत होती, आणि दोघी खात राहिल्या.